मार बसला, पण राग कुणावर काढायचा?

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. इथली मनोरुग्णालयं आपल्याला नावानं माहीत असतात. आत ड्युटी करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मामा-मावशी मात्र माहीत नसतात. आज त्यांच्याबद्दल.

आधी एक सांगते. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत. पण वॉर्डात पेशंट येतो तोच मुळी आजार बळावलेला असताना. समोरचा आपल्याला विष देतोय असं त्याला खरंच वाटत असतं, आणि समोर असते गोळ्या घेऊन आलेली सिस्टर! मग कधी थप्पड, कधी चावा. शिव्या तर कुणी मोजतही नाही.

जखम भरते. अडकून राहतो तो राग. रस्त्यावर कुणी मारलं तर आपण भांडतो, तक्रार करतो. इथे मारणारा आजारी आहे हे सिस्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं, आणि सकाळी गोळ्या त्यालाच द्यायच्या असतात. मग राग स्वतःवरच उलटतो: ‘मला आधी ओळखता कसं आलं नाही?’ त्यात सोबतचे म्हणणार, “अगं, आपल्या कामात हे चालायचंच.” झालं, दुखलं म्हणायचीही सोय नाही.

झोप उडते, मागे पावलं वाजली की दचकायला होतं. सुरुवातीला हे स्वाभाविकच. पण महिना उलटूनही तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर पीटीएसडीची शंका घ्यावी लागते. काहींना उलट काहीच वाटेनासं होतं. मला याची जास्त भीती वाटते, कारण तुटक वागणाऱ्या स्टाफसमोर घाबरलेला पेशंट आणखी बिथरतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, पेशंटला शिक्षा म्हणून बांधायचं नाही, केवळ स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. बरोबरच आहे! पण मग नाईटला पुरेशी माणसं द्या ना. नाहीतर कायदा पाळायचा भार एकट्या सिस्टरवर.

घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून ‘सविस्तर सांगा’ म्हणणंही नको. पीटीएसडी टाळायला असं करू नका, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या सूचना सांगतात. त्यापेक्षा उरलेल्या ड्युटीतून सुट्टी, दुसऱ्या दिवशी इन्चार्जचा फोन, ‘त्याच वॉर्डात जायचंय का?’ एवढं विचारणं. आणि पेशंट सावरला की, दोघांची तयारी असेल तर, समोरासमोर बोलणं.

तुमच्या घरात कुणी अशी ड्युटी करत असेल, तर टेलिमानसचा नंबर सेव्ह करून द्या: १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.