थंडीची तयारी भाद्रपदातच

बाहेर अजून पाऊस रिपरिपतोय, गौरी-गणपतीची आवराआवर चालली आहे आणि आम्ही थंडीची गोष्ट काढून बसलोय. हसाल तर हसा. पण जानेवारीत हुडहुडी भरल्यावर ग्रामपंचायतीत गेलं, तर तोवर पैशांची वाटणी झालेली असते. आम्ही एकदा तसे जाऊन परत आलोय.

आमचा निफाड तालुका गारठ्यासाठी पेपरात येतो. डिसेंबर 2018 मध्ये इथे पारा 2 अंशांच्या खाली गेला होता. उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात. आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब सोडून देते. म्हणूनच सगळ्यात कडाक्याची थंडी मध्यरात्री नसते, ती दिवस उगवायच्या जरा आधी असते. आणि आपण बाया बागेत जायला निघतो तेव्हाच. किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त उतरलं, की हवामान खातं थंडीची लाट आली म्हणतं. 4 अंशांवर आलं तर सरासरी बघायचीही गरज नाही.

द्राक्षबागेची तयारी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून बांधाबांधावर शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बागेत थर्मामीटर टांगलेला असतो. माणसांच्या तयारीचं काय, हे मात्र आम्हाला एका झोपडीने शिकवलं.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. विरळणीच्या कामाला सुरगाणा-पेठकडून आलेलं एक कुटुंब बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या झोपडीत राहात होतं. पदरात महिन्याच्या आतलं बाळ. रात्री थंडी सोसवेना म्हणून त्यांनी निखाऱ्यांची शेगडी आत घेतली आणि ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट लावून घेतली. पहाटे आमच्या गटातली एक ताई कामाला हाक मारायला गेली, तर आतून ओ नाही. ताडपत्री फाडली. नवरा-बायको गुंगीत, बाळ मलूल. सगळ्यांना उघड्यावर ओढलं, 108 ला फोन केला. तिघंही वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हे आम्ही आजही एकमेकींना बोलून दाखवत नाही.

आम्हाला वाटायचं, धूर नसला म्हणजे शेगडी बरी. तसं नाही. लालबुंद निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून शेकायचं ते दाराबाहेर. झोपताना शेगडी खोलीत नकोच, खिडकी किलकिली ठेवली तरी नको.

त्यानंतरच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आम्ही महिला सभा मागून घेतली. ती ग्रामसभेआधी घ्यायची असते, कायद्यातच आहे; पुष्कळ गावांत नुसत्या सह्या होतात, ते सोडा. आम्ही मांडलं, की थंडीत समाजमंदिर रात्री उघडं राहावं, तिथे सतरंज्या आणि गोधड्या असाव्यात, आणि पारा उतरणार असला की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगावं. सरपंच म्हणाले, "बाहेरगावच्या माणसांसाठी गावचा पैसा कसा काढायचा?" सभा गप्प. तेव्हा मागून एक आजी बोलल्या, "द्राक्षं गावाची आणि थंडी तेवढी त्यांची व्हय?"

समाजमंदिराची किल्ली मिळाली, दिवा लागला, भोंगाही वाजू लागला. गोधड्यांना मात्र पैसे मिळाले नाहीत. मग ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून थोडे घेतले, घरोघरच्या जुन्या साड्या गोळा केल्या आणि दिवाळीनंतर दुपारच्या वेळी बसून आम्हीच शिवल्या. बागायतदारांनी छाटणीची लाकडं शेकोटीला दिली. आशाताईंनी यादी केली: तान्ही बाळं, एकटे म्हातारे, दम्याचे आणि रक्तदाबाचे पेशंट, आणि बागांच्या कडेची झोपडीन् झोपडी. ही यादी सगळ्यात कामाची ठरली. भोंगा वाजला की कोणी कोणाचं दार ठोठवायचं, हे आधीच ठरलेलं असतं. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाणाऱ्यांचं काय करायचं, ते मात्र आम्हाला अजून सुटलेलं नाही. ते एकटे जात नाहीत, एवढंच घरच्या बाया बघतात.

बाळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावून बघा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पाय गार आणि पोट उबदार असेल तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले तर वेळ घालवू नका, बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठा. बाळाला टोपी-मोजे घालून, बाकी उघड्या अंगाने आईच्या छातीशी लावायचं आणि वरून शाल गुंडाळायची. ही ऊब शेगडीपेक्षा भरवशाची. आई थकली तर बाबांनी किंवा आजीने धरलं तरी चालतं. जन्मल्याबरोबर आंघोळ घालायची घाई नको, पहिला दिवस तरी जाऊ द्या.

म्हाताऱ्यांना पहाटे अंधारात फिरायला जाऊ देऊ नका, ऊन पडू द्या. गारठलेल्या माणसाला दारू पाजू नये. कातडीला गरम वाटतं, पण आतलं अंग आणखी थंड पडतं. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, शुद्धीत असेल तर कोमट, गोड चहा द्या. बोलणं अडखळायला लागलं तर 108.

यंदा आमची महिला सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. गोधड्यांचे पैसे या वेळी पुन्हा मागणार आहोत, यादी आणि हिशोब दोन्ही घेऊन. तुमच्या गावात सभेची तारीख लागली नसेल, तर उद्याच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.