पिलाची आई कुठे आहे?

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिसगाव लागतं. तिथून जवळच मढी, कानिफनाथांचं ठाणं. रंगपंचमीच्या यात्रेत तिथे गाढवांचा मोठा बाजार भरतो. या टापूतल्या माणसाला जनावर पारखायला कुणी शिकवावं लागत नाही. शेळी घ्यायची तर ती कितव्या वेताची, कास कशी आहे, मागच्या वेताला किती करडं झाली, हे विचारल्याशिवाय तो खिशात हात घालत नाही. गाढवाचे दात पाहतो, गाईच्या सडांवरून हात फिरवतो. पण त्याच घरातला पुण्याला नोकरीला असलेला मुलगा लॅब्रडॉरचं किंवा पगचं पिल्लू घेतो तेव्हा मोबाइलवर फोटो पाहतो, भाव ठरवतो आणि रस्त्याच्या कडेला कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणून दिलेलं पिल्लू घरी नेतो. इंजेक्शन झालंय का, कागद आहेत का, एवढं तो विचारतो. पिलाची आई कुठे आहे, तिचं हे कितवं वेत, तिच्या अंगावर मांस आहे की नाही, हे त्याच्या मनातही येत नाही. बेजबाबदार पैदास टिकते ती याच न विचारलेल्या प्रश्नावर. अशा ठिकाणच्या कुत्र्यांना सोडवण्याचे आपले प्रामाणिक प्रयत्नही फसतात, कारण तेही या आईपर्यंत नीट पोचत नाहीत.

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. गाभणकाळ ६३ दिवसांच्या आसपास असतो आणि पुढचे आठ आठवडे पिल्लं तिच्याजवळ राहायला हवीत. दोन्ही माजांना नर दाखवला, तर वर्षातले आठ महिने ती एकतर गाभण असते किंवा पाजत असते. उरलेल्या चार महिन्यांत झीज भरून निघायची, तीही निकृष्ट खाण्यावर. दूध उतरताना रक्तातलं कॅल्शियम घटून झटके येतात, वारंवारच्या वेतांनी अंग खंगतं, वय वाढतं तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. जाळीच्या पिंजऱ्यात वर्षं काढलेल्या मादीच्या पंजांची बोटं फाकतात, नखं वाढून आत वळतात, कोपरांना घट्टे पडतात. तिचं भुंकणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिला मागच्या पडवीत किंवा बंद शेडमध्ये ठेवतात. पिल्लू दाखवायला बाहेर आणतात ते एकटंच. सोबत मिळणारा वंशावळीचा कागद कुत्र्याचं कूळ सांगतो, पण ती कुत्री उन्हात बांधलेली होती की सावलीत हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. लोक त्या कागदालाच चांगल्या संगोपनाचा दाखला समजतात, ही मोठी फसगत आहे.

कायदा या बाबतीत गप्प आहे असं नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी श्वानपैदास आणि विक्रीचे नियम काढले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि ती दर दोन वर्षांनी नव्याने करून घेतली पाहिजे. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पैदास करायची नाही, आठ वर्षांपुढे करायची नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नको आणि सगळ्या आयुष्यात पाचाहून जास्त नकोत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि विकण्यापूर्वी त्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवायची. हे नियम वाचताना जाणवतं की ते करणाऱ्यांनी आईचा विचार केला होता. पण खरेदीदाराला नियम ठाऊक नसतात आणि विक्रेत्याला कुणी नोंदणी क्रमांक मागत नाही. ज्याने पंधरा हजार मोजले त्यानेच तो मागितला नाही, तर सरकारी माणूस शेडपर्यंत पोचेल कसा?

आता सुटकेकडे येऊ. हाल झालेली कुत्री दिसली की दयाळू माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पैसे देऊन तिला सोडवतो. खंगलेली, वेताला निरुपयोगी झालेली मादी विक्रेता दोन-तीन हजारांत आनंदाने देतो. माणसाला पुण्य केल्यासारखं वाटतं, कुत्रीचे उरलेले दिवस सुधारतात. पण विक्रेत्याच्या हिशेबात काय घडलं? जी मादी त्याला फुकट पोसावी लागली असती किंवा रात्री दूर कुठेतरी नेऊन सोडावी लागली असती, तिचेही पैसे आले. तोच पिंजरा रिकामा झाला आणि त्यात दीड वर्षाची नवी मादी आली. एका कुत्रीची सुटका झाली हे खरं, आणि त्याच पैशांत दुसरीची भरती झाली हेही तेवढंच खरं. म्हणून पैसे देऊन सोडवणं टाळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. यात कठोरपणा वाटेल. डोळ्यांसमोर तडफडणाऱ्या जिवाला हिशेब सांगायचा का, असं कुणी विचारेल आणि ते विचारणं माणुसकीचंच आहे. पण पैसे न देताही तिला बाहेर काढण्याचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग समजुतीचा. पुष्कळ लहान विक्रेते दुष्ट नसतात. जोडधंदा म्हणून दोन माद्या आणल्या, मग सहा झाल्या, मग खर्च आवाक्याबाहेर गेला, अशी त्यांची गत असते. अशा माणसाकडून मादीचा ताबा कायमचा सोडत असल्याचं लेखी घ्यावं, मोबदला देऊ नये, उरलेल्या माद्यांची नसबंदी करून देण्याची तयारी मात्र दाखवावी. दुसरा मार्ग तक्रारीचा. कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हलायलाही जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणं, आखूड साखळीने सतत बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. तारीख दिसणारे फोटो, पशुवैद्यकाचा लेखी अभिप्राय आणि विक्रीच्या जाहिरातीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जावं. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणं बंधनकारक आहे, तिलाही त्याच दिवशी लेखी कळवावं. पंचनामा झाला की त्या कुत्र्यांची नोंद सरकारदप्तरी होते. नोंद झालेली कुत्री रातोरात नाहीशी करणं सोपं राहत नाही.

यावर जाणकार हसतील, कारण कलम ११ चा दंड पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती, आज तेवढ्यात कुत्र्याचं एका दिवसाचं खाणं येत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि दंड वाढवायलाच हवा. पण तक्रारीचं बळ दंडात नाही, जप्तीत आहे. त्याच २३ मे २०१७ ला निघालेल्या दुसऱ्या नियमांनुसार जप्त जनावर खटला चालेपर्यंत निवारागृहाकडे किंवा पांजरपोळाकडे सोपवता येतं आणि सांभाळाचा खर्च आरोपीकडून घेण्याची तरतूद आहे. दहा कुत्र्यांचा चार महिन्यांचा औषधपाण्यासकट खर्च हा पन्नास रुपयांचा मामला राहत नाही. गुन्हा शाबित झाला तर मालकी काढून घेण्याचा अधिकार कलम २९ न्यायालयाला देतं. जनावर मारलं, त्याला विष घातलं किंवा जायबंदी केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटले रेंगाळतात हेही खरं आहे. पण त्या काळात कुत्री पिंजऱ्यात न राहता निवाऱ्यात राहते, तिच्यासाठी हाच फरक महत्त्वाचा.

दुष्काळी तालुक्यांत माणसांच्या पाण्याची वानवा असताना कुत्र्यांची काय एवढी चिंता, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्यातला वैताग खोटा नाही. पण ज्या गावाला मोकाट कुत्र्यांचा आणि रेबीजचा त्रास आहे, त्याच गावाला या पैदाशीचा हिशेब आधी समजायला हवा. वेत थांबलेली मादी, न खपलेलं चार महिन्यांचं पिल्लू, हौस फिटलेल्या मालकाचा हस्की, ही सगळी शेवटी रस्त्याच्या कडेलाच येतात, बहुतेक नसबंदी न झालेली आणि लस न टोचलेली. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यातला प्रकार आहे हा. आणि कुत्र्याची कणव ही शहरातून आलेली हौस आहे, असं म्हणणाऱ्यांनी दत्ताच्या पायाशी उभी असलेली चार कुत्री आठवावीत, खंडोबाचा कुत्रा आठवावा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आठवावेत. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारच्या शिपायांनी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा दुकानं बंद करून आधी रस्त्यावर उतरले ते तिथले पारशी. ही कणव आपल्या मातीत फार जुनी आहे.

परदेशातही हा प्रश्न आईपाशीच येऊन थांबला. वेल्समधल्या एका पैदासकेंद्रातून २०१३ साली ल्यूसी नावाची एक स्पॅनियल मादी सोडवली गेली. सततच्या वेतांनी तिची कंबर वाकली होती, पुढे तीन वर्षांत ती गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. घेणाऱ्याने ते जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईसोबत पाहून घ्यायचं. आपल्याकडे मात्र मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालण्याचं पत्र काढलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातीवर बोट ठेवणं सोपं असतं. कोण, कुठे, कशा अवस्थेत पैदास करतो हे तपासायला मात्र शेडपर्यंत चालत जावं लागतं.

सोडवलेल्या कुत्र्याला घर देणं हे यातलं सर्वांत लांबचं काम, आणि तिथे हौशी माणसं दमतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा पैदासकेंद्रांतून सोडवलेल्या ११६९ कुत्र्यांची तुलना घरात वाढलेल्या ३३२ कुत्र्यांशी केली होती. सोडवलेली कुत्री खूप जास्त भित्री निघाली, स्पर्शाला बिचकणारी, घरात घाण करणारी, एकाच जागी गोल फिरत राहणारी. पण अनोळखी माणसांवर धावून जाण्याचं प्रमाण त्यांच्यात उलट कमी आढळलं. ‘मार खाल्लेलं कुत्रं चावणारच’ म्हणून त्याला नाकारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. भ्यालेलं कुत्रं कोपऱ्यात घेरलं तर चावू शकतं, हे खरं. पण त्याची मूळ ओढ पळून जाण्याकडे असते. म्हणून पहिल्या महिन्यांत धोका असतो तो उघड्या राहिलेल्या फाटकाचा, आणि फिरायला नेताना एक पट्टा गळ्याला, दुसरा छातीच्या पट्ट्याला असे दोन लावणं शहाणपणाचं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणूस, आवाज, गवत, पायऱ्या यांची ओळख करून घेतं. जिने तो काळ जाळीवर काढला तिला चार वर्षांची असताना पायरी म्हणजे काय हे कळत नाही. यात हट्टीपणा नसतो, ओळख नसते.

आणल्यावर लगेच आंघोळ घालून घरातल्या कुत्र्यांत सोडणं ही नेहमीची चूक. दोन आठवडे वेगळं ठेवावं, कारण डिस्टेंपर आणि पार्व्हो लगेच दिसत नाहीत, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. उपाशी कुत्रीला पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घालणं तिच्या जिवावर बेतू शकतं, तेव्हा थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्यावं. गोचीडतापासाठी रक्ततपासणी आपल्या हवेत चुकवू नये. वजन भरलं की नसबंदी, आणि ती झाल्याशिवाय कुणालाही दत्तक देऊ नये. खेड्यातले जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभे राहिलेले आहेत, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी नगर-पुणे गाठायची तयारी आधीच ठेवावी लागते.

मग घर कोणतं? नगर जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा होतो. वस्तीवरचा शेतकरी कुत्रं मागतो ते राखणीला, आणि ते रात्री अंगणात साखळीला असतं. याच जिल्ह्यातल्या अकोले परिसरात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. उसाच्या पट्ट्यात साखळीला बांधलेलं, पळता न येणारं, भुंकायचंही विसरलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे ठेवलेलं ताट. राखणीसाठी मागणाऱ्याला अशी मादी देऊ नये. त्याची गरज गावठी कुत्रं अधिक चांगली भागवतं, हे त्यालाही पटतं. द्यायची तर जिथे रात्री ती घरात झोपेल, उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पडेल आणि शक्यतो एखादं शांत, माणसाळलेलं कुत्रं आधीपासून असेल, तिथे. अशी कुत्री माणसाआधी दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून शिकते. आधी पंधरा दिवस तात्पुरती ठेवून पाहावी, मग लेखी करार करावा, आणि जमलं नाही तर ती परत देणाऱ्याकडेच आणायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हे कलम त्यात ठळक असावं. परत आलेली कुत्री हा घेणाऱ्याचा पराभव समजला तर तो ती परत न आणता कुठेतरी सोडून देईल. पहिले काही आठवडे ती पलंगाखालून बाहेर येणार नाही, वाटीतलं अन्न माणूस खोलीबाहेर गेल्यावरच खाईल. तेव्हा वाटी दर दिवशी वीतभर पुढे सरकवायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं.