‘ध्यान’ : एक शब्द, चार परंपरा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ‘ध्यान’ या शब्दाचा भाषिक प्रवास सांगता येईल;
• हिंदू, बौद्ध, जैन व शीख परंपरांतील एकाग्रतेच्या विचाराची तुलना करता येईल;
• संत नामदेवांच्या गुरू ग्रंथसाहिबातील एका पदाचे महत्त्व विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून ही पदवी घेत आहेत. कल्याण-भिवंडी रस्त्यावरील कोनसारख्या गावातला विद्यार्थी पुस्तक उघडतो, तेव्हा बाहेर वाहनांची वर्दळ असते आणि अंगात यंत्रमागावरील वा गोदामातील पाळीचा शीण असतो. अशा वेळी ‘माझे लक्षच लागत नाही’ ही तक्रार स्वाभाविक आहे. परंतु तिच्यामागे एक समजूत दडलेली असते : एकाग्रता ही उपजत देणगी असून निवांतपणाशिवाय ती साधत नाही. भारतीय साधनापरंपरांनी ही समजूत मान्य केलेली नाही. त्यांनी काय सांगितले, हे आपण प्रथम शब्दांच्या आणि मग साधनेच्या अंगाने पाहू.

२. शब्दविचार

‘ध्यान’ हा शब्द ‘ध्यै’ (चिंतन करणे) या संस्कृत धातूपासून आला. पालीत त्याचे ‘झान’ झाले, जैन आगमांच्या प्राकृतात ‘झाण’ झाले, तर गुरुमुखीत ‘धिआन’ असे रूप रूढ झाले. ‘ध्य’चा ‘झ’ होणे हा प्राकृतातील नियमित बदल आहे. ‘संध्या’चे ‘संझा’ आणि पुढे मराठीत ‘सांज’ झाले, ते याच वाटेने. बौद्ध धर्माबरोबर हा शब्द चीनमध्ये गेला व ‘छान’ झाला. जपानमध्ये तोच ‘झेन’ म्हणून ओळखला जातो.

मराठीत मात्र तत्सम ‘ध्यान’ रुळले आणि व्यवहारात त्याला नवे अर्थ आले. ‘ध्यानात ठेवणे’ म्हणजे स्मरणात ठेवणे. ‘ध्यानीमनी नसणे’ म्हणजे कल्पनाही नसणे. आणि गबाळ्या माणसाला आपण ‘काय ध्यान आहे!’ असेही म्हणतो. ‘लक्ष’ या शब्दामागे ‘लक्ष्य’, म्हणजे नेमबाजाची खूण, आहे. ‘अवधान’ या शब्दात मन एके ठिकाणी ठेवण्याचा भाव आहे. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे याच अवधानाची मागणी करतात. लक्ष ‘देणे’, ‘ठेवणे’, ‘वेधणे’ या क्रियापदांवरून दिसते, की मराठी भाषाही लक्षाकडे कृती म्हणून पाहते.

३. चार परंपरांचा विचार

३.१ हिंदू परंपरा : पातंजल योगसूत्रांत धारणा, ध्यान व समाधी अशा क्रमिक पायऱ्या आहेत. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा. तो प्रवाह अखंड राहणे हे ध्यान. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो. श्रीकृष्ण ती नाकारत नाही; अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतो. मन जेथे जेथे भटकेल, तेथून ते परत आणावे, असा त्याचा उपदेश आहे. येथे ‘अभ्यास’ याचा अर्थ पाठांतर नव्हे, तर पुनःपुन्हा केलेला प्रयत्न.

३.२ बौद्ध परंपरा : येथे ‘सती’ हा शब्द मध्यवर्ती आहे. तो ‘स्मृती’चे पाली रूप असून त्याचा अर्थ जागरूक भान असा होतो. स्मरण आणि लक्ष यांचे जे नाते ‘ध्यानात ठेवणे’ या मराठी प्रयोगात आहे, तेच येथेही दिसते. ‘आनापानसती’त श्वास बदलायचा नसतो, केवळ जाणायचा असतो. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात (१९७६) दहा दिवसांच्या शिबिराचा आरंभ याच साधनेने होतो. ही परंपरा आपल्या परिसरालाही जुनीच आहे : भिवंडी तालुक्यात लोनाडला बौद्ध लेणे आहे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत.

३.३ जैन परंपरा : उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ध्यानाला काळाची मर्यादा घातली आहे. एका विषयावर चित्त अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच, स्थिरावते. गृहस्थ जैनांचे ‘सामायिक’ही एका मुहूर्ताचे, म्हणजे ४८ मिनिटांचे असते. त्याहून महत्त्वाचा आहे तो ध्यानाचा चतुर्विध भेद : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. दुःखाची, अप्राप्तीची सतत चिंता हे आर्तध्यान. हिंसेचा वा सूडाचा विचार घोळवणे हे रौद्रध्यान. काळजीने पोखरलेले मनही एकाग्रच असते, हे येथे स्पष्ट होते. म्हणून मन एकाग्र आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते कशावर एकाग्र आहे, हेही विचारावे लागते.

३.४ शीख परंपरा : नामसिमरन आणि कीर्तनातील शब्दाशी ‘सुरत’, म्हणजे जाणीव, जोडणे हा येथील मार्ग आहे. प्रपंच सोडून वनात जाण्याची अट नाही; कष्ट करीत नाम घेणे हाच आदर्श आहे.

४. नामदेवांचे पद

आपल्या दृष्टीने या विषयाचा गाभा येथे आहे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची (१२७०–१३५०) ६१ पदे आहेत. त्यांतील रामकली रागातील एका पदात ते त्रिलोचनाला उद्देशून काही चित्रे उभी करतात. मुलगा सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त पतंगाच्या दोरीवर असते. पाणी भरून निघालेल्या मुली हसतखिदळत चालतात, चित्त घागरीवर असते. गाय दूर रानात चरते, चित्त वासरापाशी असते. आई घरात-बाहेर कामे उरकते, चित्त पाळण्यातल्या बाळाकडे असते. पदातील क्रियापदांच्या अखेरीचे ‘-ले’ मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल.

या चित्रांत कोणीही डोळे मिटून बसलेले नाही, आणि कोणाचेही काम थांबलेले नाही. हात आणि जीभ व्यवहारात असताना चित्ताचा एक धागा जिव्हाळ्याच्या ठिकाणी जोडलेला असू शकतो, असे नामदेव दाखवतात. एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा कामगार त्या गदारोळातही तुटलेला धागा हेरतो. भिवंडी परिसरातील वाचकाला हे निराळे सांगायला नको. त्याच्याजवळ अवधान आहेच; पुस्तकाकडे ते वळवण्याची सवय तेवढी लावायची आहे.

५. साम्य, भेद आणि एक सावधगिरी

मन भटकणे हा दोष नसून ते परत आणणे हीच साधना, या सूत्रावर चारही परंपरा जवळ येतात. उद्दिष्टे मात्र वेगळी आहेत : योगात चित्तवृत्तींचा निरोध, बौद्ध विचारात दुःखमुक्ती, जैन विचारात कर्मक्षय, शीख विचारात नामाशी एकरूपता. परीक्षेतील गुण यांपैकी कोणाचेही ध्येय नव्हते. त्यामुळे त्यांतून अभ्यासासाठी पद्धत घ्यावी, पण ‘सर्व परंपरा एकच सांगतात’ असे ढोबळ विधान उत्तरपत्रिकेत टाळावे.

पद्धत म्हणून एवढे करून पाहा : रोज ठरावीक वेळी एक मुहूर्त वाचनाला द्या, मन गेले की स्वतःला दोष न देता, ज्या ओळीवरून ते गेले त्या ओळीवर परत या. किती वेळा परतलात, याची खंत नको. परतणे हाच अभ्यास आहे.

६. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ध्य’चा ‘झ’ होण्याचा नियम दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. आर्तध्यान व धर्म्यध्यान या भेदातून एकाग्रतेविषयी कोणता विचार पुढे येतो?
३. नामदेवांच्या चित्रांसारखे आपल्या कामातील एक उदाहरण दहा ओळींत लिहा.