चार घासांत एक अंडं

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. मग उष्टावण होतं, वरचं खाणं सुरू होतं आणि गरीब घरांतल्या बाळांची वाढ नेमकी याच वयात मागे पडू लागते. पातळ पेज किंवा भाताचं पाणी यांनी पोट भरतं, पण त्यांत उत्तम प्रथिनं आणि जस्त फार थोडं, ब-१२ जीवनसत्त्व तर नाहीच. बाळाचं पोट लहान, एका वेळी चार घासच जातात. म्हणून ते चार घास कसदार हवेत.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये कोतोपाक्सी या डोंगराळ प्रांतात २०१५ साली याची परीक्षा झाली. संशोधक लोरा इयानोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते नऊ महिन्यांची १६३ बाळं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला सहा महिने रोज एक अंडं दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अंडं खाणाऱ्या गटात खुरटेपणाचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४७ टक्क्यांनी, तर कमी वजनाचं ७४ टक्क्यांनी कमी होतं. ॲलर्जीची तक्रार एकाही घरातून आली नाही.

अंड्यात असं काय असतं? सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं, आणि त्यांत शरीराला स्वतः बनवता न येणारी सगळी अमिनो आम्लं. पिवळ्या बलकात कोलिन असतं. पेशींची आवरणं आणि मेंदू घडायला ते लागतं. सात ते बारा महिन्यांच्या बाळाची दिवसभराची कोलिनची गरज एका अंड्यातून जवळपास भागते. मलावीतल्या मुलांच्या रक्ततपासणीत २०१६ मध्ये दिसलं होतं की खुरटलेल्या मुलांच्या रक्तात हीच अमिनो आम्लं आणि कोलिन कमी असतात. ती पुरेशी नसली, तर हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पेशींना वाढण्याचा इशाराच मिळत नाही, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

पण त्याच मलावीत ६६० बाळांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा उंचीत फरक पडला नाही. तिथल्या सरोवराकाठच्या गावांत बाळांच्या ताटात मासे आधीपासूनच होते आणि खुरटेपणही तुलनेनं कमी होतं. जिथे उणीव मोठी, तिथेच अंड्याचा लाभ मोठा. इक्वेडोरच्या मुलांना दोन वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा दोन्ही गटांतला फरक मावळलेला होता. सहा महिन्यांच्या अंड्यांची पुण्याई आयुष्यभर पुरत नाही. शिवाय अंड्यातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुरटलेली आहेत. राज्याच्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद आहे. वाट योग्य आहे, पण अंगणवाडीपर्यंत चालत न येणारं बाळ तिथे सहज मागे राहतं. त्याचं अंडं घरी पोहोचलं पाहिजे, आणि ते पूर्ण उकडून, पेजेत कुस्करून त्यालाच भरवायचं, हे आईइतकंच आजीला आणि बापालाही पटलं पाहिजे. दोन वर्षांचं होईपर्यंत हा क्रम तुटू न देणं ही सरकारची आणि आपली जबाबदारी आहे.