एकविसावं प्रकरण आणि लेखकाची लाथ

कादंबरीकारानं आपल्याच कादंबरीचं नाटक करणं मराठीला नवं नाही. श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' असाच रंगमंचावर गेला. जयवंत दळवींच्या 'अंधाराच्या पारंब्या'चं 'बॅरिस्टर' झालं. अँथनी बर्जेसचं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' हे नाटक त्या जातीचं असलं तरी लिहिलंय चिडून, आणि ती चीड ते लपवतही नाही.

कादंबरी 1962 ची. नजीकच्या भविष्यातलं शहर, रात्री टोळी घेऊन मारहाण आणि बलात्कार करणारा पंधरा वर्षांचा ॲलेक्स, आणि त्याला औषध टोचून, हिंसेच्या फिती बळंच दाखवून 'सज्जन' करणारं सरकार. पुढं हात उगारायचं मनात आलं तरी त्याला मळमळतं. लाडका बीथोव्हनही त्याच पायी असह्य होतो. प्रकरणं मुद्दाम एकवीस, कारण तेव्हा सज्ञान होण्याचं वय तेच. शेवटच्या प्रकरणात अठरा वर्षांचा ॲलेक्स आपणहून दंगामस्तीला कंटाळतो आणि बायकामुलांची स्वप्नं पाहू लागतो. अमेरिकेतल्या प्रकाशकानं नेमकं हेच प्रकरण गाळलं. स्टॅनली कुब्रिकचा 1971 चा सिनेमाही त्याच्याविनाच संपतो: ॲलेक्स पुन्हा होता तसाच.

सिनेमावर गदारोळ उठला. त्याच सुमारास, 1972 मध्ये, मुंबईत 'सखाराम बाइंडर' कोर्टात पोचलं होतं. नाटककार तेंडुलकर आणि दिग्दर्शक सारंग निदान आपल्या संहितेसाठी भांडत होते. बर्जेसवर दुसऱ्यानं केलेल्या शेवटाचं समर्थन करत फिरायची पाळी आली. 1973 मध्ये कुब्रिकनं ब्रिटनपुरता सिनेमा काढून घेतला, पण तोवर ॲलेक्स म्हटलं की लोकांना सिनेमात ती भूमिका करणारा मॅल्कम मॅकडॉवेलच आठवू लागला होता.

1987 मध्ये बर्जेसनं स्वतः संगीत नाटक लिहिलं. परस्पर रूपांतरं करणाऱ्या हौशी मंडळींना आळा बसावा, हाही एक हेतू. गाण्यांना आधार बीथोव्हनच्या सुरावटींचा. एकविसावं प्रकरण परत आलं. आणि अखेरीस कुब्रिकसारखा दिसणारा दाढीवाला ट्रम्पेटवर 'सिंगिंग इन द रेन' वाजवत येतो आणि लाथ खाऊन बाहेर जातो. हे गाणं कादंबरीत नव्हतंच. सिनेमातल्या सर्वांत भीषण प्रसंगात ते मॅकडॉवेलला सुचलेलं. सूड म्हणून हे मजेदार आहे, पण कुब्रिकला हाकलायलासुद्धा त्याला आधी रंगमंचावर आणावं लागलं!

माझ्या मते नाटक कादंबरीपेक्षा उणंच आहे. पुस्तकात ॲलेक्स आपल्याला भावांनो म्हणत, आपल्या विचित्र रशियन-मिश्रित बोलीत सगळं सांगतो; नकळत आपण त्याचे साथीदार होतो. शेवटी तो सुधारला, हेही त्याच्याच तोंडचं, म्हणून थोडं संशयास्पद. रंगमंचावर आपण लांबून पाहणारे होतो आणि तोच बदल सर्वांसमक्ष जाहीर केल्यासारखा वाटतो. शंकेला जागा उरत नाही. 1990 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं बार्बिकनमध्ये प्रयोग केला तेव्हा संगीत रॉक संगीतकार बोनो आणि एज यांचं होतं. तेही बर्जेसला रुचलं नाही.

तरीही हे नाटक मराठीत यावं असं वाटतं, आणि त्याला जागाही आहे: मीरा-भाईंदरला आता काशीमिऱ्यात लता मंगेशकर नाट्यगृह आहे. मराठी, हिंदी, गुजराती एकाच वाक्यात बोलणारी पोरं तर इथल्या प्रत्येक नाक्यावर आहेत; ॲलेक्सची बोली घडवायला याहून चांगला माल कुठं मिळणार? इथल्या एखाद्या हौशी संस्थेनं रीतसर परवानगी घेऊन हे नाटक मराठीत करावं. दाढीवाला गाळला तरी चालेल, लेखकाचा शेवट मात्र कापू नये.