तणांचे वैरी (लेखांक ७) : पिसारी पतंगाची भूक

तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पिसारी पतंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगा भरू लागल्या की घाटेअळी, शेंगमाशी आणि पिसारी पतंग यांची धास्ती ठरलेलीच. याच पतंगाच्या कुळातला एक किडा मात्र ऑस्ट्रेलियाने मुद्दाम अमेरिकेतून मागवून घेतला. गेल्या आठवड्यात फड्या निवडुंगाचा फडशा पाडणारे कोचिनील किडे पाहिले. आज या पाहुण्याची गोष्ट.

ज्या झाडासाठी त्याला बोलावलं ते बॅकॅरिस हॅलिमिफोलिया. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं झुडूप म्हणून ते क्वीन्सलँडला पोचलं आणि बागेतून निसटून कुरणांत, पाणथळ जमिनींत शिरलं. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तशा मादी झाडाच्या बिया वाऱ्यावर पसरतात. एक मोठं झाड वर्षाला दहा लाखांहून अधिक बिया देऊ शकतं. तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. म्हणून १९६०च्या दशकापासून शास्त्रज्ञ त्याच्या मूळ गावी जाऊन त्याचे वैरी शोधू लागले. त्यांतलाच एक पिसारी पतंग म्हणजे हेलिन्सिया बॅलॅनोटीस.

पिसारी पतंगांचे पुढचे पंख सहसा दोन आणि मागचे तीन फाट्यांत चिरलेले असतात, प्रत्येक फाट्याला झालर. बसताना पतंग पंख गुंडाळून दोन्ही बाजूंना आडवे धरतो. वाळक्या काडीवर दुसरी काडी आडवी बांधल्यासारखा दिसतो. खरं काम मात्र अळीचं. ती खोडात शिरते आणि आतल्या आत बोगदा कोरत जाते. बाहेर दिसतं ते एक बारीक भोक आणि त्यातून सांडलेला भुसा. कोकणात कलमाच्या खोडाशी असा भुसा दिसला की बागायतदार ‘भिरूड लागला’ म्हणतो आणि तार घालून अळी शोधतो. क्वीन्सलँडमध्ये या झुडपाखाली सांडलेला तोच भुसा शुभशकुन ठरला.

पानं खाल्ली तर झाड नवी पालवी काढतं. फांदीच पोखरली की तिचा जोर जातो, ती वाळते किंवा मोडते. तरी हा पतंग एकट्याने झाड मारत नाही. त्याच्या जोडीला इतर किडे आणले गेले, १९९०च्या दशकात तांबेऱ्याची बुरशीही सोडली. सगळ्यांनी मिळून झाडाला सतत जेरीस आणायचं, अशी ही पद्धत.

पण अशा अळीची खरी परीक्षा ती काय खाते यापेक्षा काय खात नाही, यावर ठरते. बॅकॅरिस सूर्यफुलाच्या कुळातलं. करडई, शेवंतीही त्याच कुळातली. म्हणून किडा मोकळा सोडण्याआधी त्याला बंदिस्त जागेत तणाच्या जवळच्या नात्यातली पिकं देऊन पाहतात. तिथे तो जगला, वाढला, तर त्याची वाट तिथेच संपते.

ही परीक्षा आपल्याही देशात झाली आहे. आपलं गाजर गवतही याच कुळातलं. त्याच्या खोडात गाठी करणारा एपिब्लेमा हा पतंग ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये सोडला आणि तो तिथे उपयोगी पडला. त्याच दशकात तो भारतातही आणला गेला. पण चाचणीत असं दिसलं, की त्याची अळी कारळ्यावरही वाढते. कारळा म्हणजे आपली खुरासणी. इगतपुरीच्या बाजूला डोंगरउतारांवर पिवळीधमक फुलते ती. गाजर गवताने तेव्हा रानं व्यापली होती, उपाय हाताशी होता, तरीही तो पतंग सोडला नाही. आणलेले किडे नष्ट करण्यात आले.

तण किती मारलं याचे आकडे मांडता येतात. न सोडलेल्या पतंगामुळे वाचलेली पिकं कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. भाकरीबरोबर कारळ्याची चटणी वाढली जाते, तेव्हा त्या नकाराचं मोल मला कळतं.

(पुढील आठवड्यात : गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा)