रुसलेला दुसरा पडदा

आमच्या बैठकीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोन मॉनिटर शेजारी-शेजारी उभे राहिले, त्या दिवशी सासूबाई दारातच थबकल्या. चष्मा सारखा करत म्हणाल्या, "कावून वो, दोन-दोन टीव्ही कायले पाहिजे तुले?"

"टीव्ही नाही जी आई, कॉम्प्युटरच आहे. एका कॉम्प्युटरचे दोन पडदे."

"म्हंजे एका नवऱ्याच्या दोन बायका. पाहजो, रोज भांडण होते का नाही!"

आणि मैत्रिणींनो, काय सांगू, सासूबाईंचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं!

मी मूलला राहते. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना मधे लागतं ते मूल. घरबसल्या टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, मुलांचे प्रकल्प, बचत गटाचे हिशेब, जे येईल ते. माझी नणंद धानोऱ्याकडे दिलेली. तिच्या ओळखीने तिकडच्या एका ग्रामसभेचं काम मिळालं, तेंदूपानांच्या मजुरीच्या याद्या तयार करण्याचं. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतःच करू लागल्या. व्यवहार आला म्हणजे हिशेब आला. कोणाचे किती पुडे, किती पैसे, कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात. सगळं आधी वहीत हाताने लिहिलेलं असतं. त्या वहीच्या पानांचे फोटो मला मोबाइलवर येतात आणि मी त्यांची कॉम्प्युटरवर यादी करते.

आता हे काम एका पडद्यावर होत नाही असं नाही. अर्ध्यात फोटो, अर्ध्यात यादी ठेवून करता येतं. पण वहीत सात-आठ रकाने. फोटो मोठा करावा तर नाव दिसतं, खातं दिसत नाही. खातं बघावं तर नाव पळतं. त्यात एक कार्यकर्ता आकडे मराठीत लिहितो, दुसरा इंग्रजीत. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की जुळ्या बहिणींसारखे दिसतात. म्हणून ठरवलं, जुना मॉनिटर अडगळीतून काढायचा. त्यावर वहीचा फोटो आणि नव्यावर यादी.

पहिलं भांडण

आमचा कॉम्प्युटर मुलीने कॉलेजात असताना जोडून घेतलेला. तिच्या चित्रांच्या कामासाठी त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. नवा मॉनिटर त्या कार्डाला एचडीएमआय वायरने लावलेला होता. जुन्याची वायर निळ्या पिनेची, तीन ओळींत पंधरा बारीक काड्या असलेली, म्हणजे व्हीजीए. सीपीयूच्या मागे बघितलं तर वरच्या बाजूला तशीच निळी जागा दिसली. म्हटलं, झालं काम! वायर खोचली, दोन्ही स्क्रू पिळले, बटण दाबलं. जुन्या पडद्यावर अक्षरं आली, 'नो सिग्नल'.

तीन दिवस मी त्या मॉनिटरला दोष देत होते. यांनी तर भंगारवाल्याचा भावही विचारून ठेवला. शेवटी पुण्याला असलेल्या मुलीला सीपीयूच्या पाठीचा फोटो पाठवला. तिने फोटोवर लाल गोल काढून परत पाठवला आणि फोन केला. "आई, तू चुकीच्या दारावर टकटक करतेयस."

गंमत अशी, की सीपीयूच्या पाठीवर मॉनिटर लावायच्या जागा दोन गटांत असतात. वरचा गट मदरबोर्डचा, उभ्या रांगेत. खालचा आडवा गट ग्राफिक्स कार्डाचा. वेगळं कार्ड बसवलं की बहुतेक कॉम्प्युटर मदरबोर्डवरची दारं आपोआप बंद करतात. पिन छान बसते, पण आत कोणी नसतं. म्हणून दोन्ही मॉनिटर कार्डाच्याच रांगेत लावायचे.

पण कार्डावर निळी जागाच नव्हती. मग मी स्वस्तातली एक वायर आणली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला निळी पिन, मधे नुसती तार. तीही फुकट गेली. व्हीजीए १९८७ सालची पद्धत. तिच्यातून चित्र कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या रूपात जातं. एचडीएमआय २००२ नंतरची, तिच्यातून फक्त आकडे जातात. म्हणजे एक गोंडी बोलणारी, दुसरी मराठी. मधे नुसती तार टाकून कसं कळणार? दुभाषा पाहिजे. तो दुभाषा म्हणजे कन्व्हर्टर, ज्याच्या पोटात एक बारीक चिप असते. कार्डावर डिस्प्लेपोर्टची जागा मोकळी होती, म्हणून मुलीने डिस्प्लेपोर्टचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मागवायला सांगितला. 'दिशा नीट वाच' असंही बजावलं, कारण हे दुभाषे सहसा एकाच बाजूने बोलतात. व्हीजीएचं एचडीएमआय करणारा आणला, तर तो उलटा लावून चालत नाही.

कन्व्हर्टर लावला आणि जुना पडदा उजळला. सासूबाई म्हणाल्या, "झाला का समेट?"

ती जूनची रात्र

समेट वर्षभर टिकला. मग जूनचा पहिला आठवडा आला. आमच्याकडे तो कसा असतो, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायकांना सांगायला नको. दिवसभर अंगाची लाही, संध्याकाळी काळे ढग, वावटळ आणि विजा. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी ग्रामसभेला पाठवायची होती. तिथून ती बँकेत जाणार होती. चाळीसेक नावं तपासायची राहिली होती. लाइट दोनदा लुकलुकले, गेले, दहा मिनिटांनी आले. कॉम्प्युटर सुरू केला. नवा पडदा आला. जुना काळा.

पोटात गोळाच आला. हे म्हणाले, "अगं, मोबाइलवर फोटो बघून कर." केलं. चार नावांत दोनदा चुकले. इतके बारीक आकडे या वयात मोबाइलवर वाचणं म्हणजे डाळीतले खडे अंधारात निवडणं.

त्या यादीत काय असतं, ते जरा सांगते. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांचं एक पोतं धरतात, म्हणजे सत्तर हजार पानं. मे महिन्यात बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, उन्हं तापायच्या आत पानं तोडून आणतात, दुपारभर पुडे बांधतात. आणि जंगल म्हणजे वाघाचं घर. मे २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असा जीव मुठीत धरून कमावलेला पैसा माझ्या एका चुकीच्या आकड्याने दुसऱ्याच्या खात्यात गेला, तर तो परत मिळवायला त्या बाईने किती हेलपाटे घालायचे?

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, घाबरू नको. मिक्सर बंद पडला की तू काय करतेस?"

"आधी दुसऱ्या बोर्डात लावून बघते. मग दुसरं भांडं लावून बघते."

"बस्स. तेच कर. एका वेळी एकच गोष्ट बदल."

मग आम्ही दोघी फोनवर बसलो. जुन्या मॉनिटरचा छोटा दिवा लुकलुकत होता, म्हणजे त्याला वीज मिळत होती. विंडोज आणि 'पी' ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडलं. काही नाही. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'डिस्प्ले', तिथलं 'डिटेक्ट' दाबलं. दुसरा पडदा सापडत नाही, असं उत्तर आलं. मुलीने सांगितलं, की मॉनिटर जोडला की तो वायरीतून आधी आपलं नाव, कंपनी आणि लांबी-रुंदी कॉम्प्युटरला कळवतो. मुलगी बघायला गेल्यावर विचारतात तसं! ही ओळखच झाली नाही, तर कॉम्प्युटर म्हणतो, दुसरं कोणी आलंच नाही.

मग सगळं बंद करून प्लग काढले, पाच मिनिटं थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. विजेच्या झटक्यानंतर कधीकधी एवढ्यानेच काम होतं. आमचं नाही झालं. मग मॉनिटर चालू ठेवून त्याची निळी वायर काढली. पडद्यावर 'केबल तपासा' अशा अर्थाची चौकट आली. म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, पास! ड्रॉवरमधली दुसरी निळी वायर लावली. तरी काळाच. म्हणजे पहिल्या वायरीचाही दोष नाही. राहिले दोनच संशयित, कन्व्हर्टर नाहीतर कार्डावरची ती जागा. रात्री दहाला दोन्हींचा इलाज माझ्याकडे नव्हता.

"आई, ते वरचं बंद दार आठवतं? आपण तेच उघडू."

कॉम्प्युटर बंद केला. कन्व्हर्टर बाजूला ठेवला आणि निळी वायर थेट मदरबोर्डच्या जागेत लावली. सुरू करताना 'डिलीट' बटण टकटक दाबत राहिले. बायोसचं पान उघडलं. आजवर त्या पानाला मी हातही लावला नव्हता. मुलीने ताकीद दिली, "सांगते तेवढंच बदल. आणि बदलायच्या आधी पानाचा फोटो काढ." ग्राफिक्सच्या भागात 'मल्टि-मॉनिटर' असं काहीतरी होतं. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. ते 'डिसेबल्ड' होतं, 'एनेबल्ड' केलं, सेव्ह करून बाहेर आले. आमच्या प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स होतं म्हणून हे जमलं. सगळ्याच प्रोसेसरमध्ये ते नसतं.

पडदे दोन-तीनदा लुकलुकले. आणि मग जुन्या पडद्यावर वहीचं पान आलं! मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई उठून बाहेर आल्या.

रात्री दीडपर्यंत तपासत बसले. शेवटच्या दहा नावांत एकाच नावाच्या दोन बायका निघाल्या, आडनावही तेच. आणि त्यातल्या एकीच्या खात्यात मी मराठी एकाचा इंग्रजी नऊ करून बसले होते. शेजारी-शेजारी दोन पडदे होते म्हणून दिसलं. आकडा दुरुस्त केला आणि मग झोपले.

पुढच्या आठवड्यात नवा कन्व्हर्टर आणून लावला, तर कार्डावरची जागा ठणठणीत. विजेने बळी घेतला होता तो दुभाष्याचा.

पडदा रुसला तर

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असं झालं तर दुकानात उचलून नेण्याआधी एवढं करून बघा.

१. मॉनिटरचा दिवा पेटतो का? मॉनिटरच्या बटणांतून 'इनपुट' किंवा 'सोर्स' बघा. वायर व्हीजीएची आणि मॉनिटर एचडीएमआयवर, असं पुष्कळदा होतं.

२. दोन्ही टोकांच्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवा. निळ्या पिनेची एखादी काडी वाकली आहे का ते बघा. मुळातच एखादी काडी नसेल तर घाबरू नका, काही वायरींत ती नसतेच.

३. विंडोज आणि 'पी' दाबून 'एक्स्टेंड' निवडा. दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसत असेल तर ते 'डुप्लिकेट'वर गेलेलं असतं.

४. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकत्र दाबा. ग्राफिक्स नव्याने सुरू होतं, क्षणभर पडदा काळा होतो.

५. तरी नाही, तर वायर, मॉनिटर, जागा यांची अदलाबदल करा. एका वेळी एकच. बदललेलं कागदावर लिहून ठेवा.

६. माऊस उजवीकडे नेला की डावीकडून निघतो? 'डिस्प्ले'मध्ये १ आणि २ अशा चौकटी दिसतात. त्या माऊसने ओढून तुमच्या टेबलावर आहेत तशा मांडा.

७. एखादी खिडकी काळ्या पडद्यावरच अडकली? तिच्यावर येऊन विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबा, इकडे येते.

आणि आपल्या भागासाठी खास. ढग गडगडले की नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा, इंटरनेटची वायरही काढा. बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. दुसरा मॉनिटर यूपीएसवर लावला तर बॅटरी तितकी लवकर संपते, हे लक्षात ठेवा.

यादी गेली, पैसे जमा झाले. महिन्याभराने नणंदेचा फोन आला. त्या दोन सारख्या नावांच्या बायका तिच्याच ओळखीच्या निघाल्या. एकीने निरोप दिला होता, "पैसे बराबर आले म्हणाव ताईले." बस, एवढंच.

सासूबाई परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सुनेले दोन टीव्ही लागते जी. एकावर लिहिते, एकावर पाह्यते. बिघडले तर सोताच दुरुस्त करते." आता यांनी भंगारवाल्याचं नाव काढलं, तर त्या आधी माझ्या जुन्या मॉनिटरची बाजू घेतात.